म्हातारपण आणि पायांची शक्ती

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाण्याची आपल्या भागात रीत आहे. अंतर सुमारे २५ किलोमीटर. या वाटेवर साठी उलटलेली माणसेही दिसतात. पण सपाट रस्त्यावर न थकता चालणारे आजोबा पायऱ्या लागल्या की कठड्याचा आधार घेतात. असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर ‘कार्य’ आणि ‘शक्ती’ यांच्यातील फरकात आहे. समजा, आजी आणि नात या दोघींचे वस्तुमान प्रत्येकी ५० किलोग्रॅम आहे. १५ सेंटीमीटर उंचीच्या २० पायऱ्या चढल्या, म्हणजे शरीर ३ मीटर वर उचलले गेले.

कार्य = ५० × ९.८ × ३ = १४७० ज्यूल

नातीला १५ सेकंद लागले, तर तिची शक्ती ९८ वॅट. आजीला ३० सेकंद लागले, तर ४९ वॅट. कार्य सारखेच, शक्ती मात्र निम्मी! उतारवयात स्नायूंच्या ताकदीपेक्षाही त्यांची शक्ती अधिक वेगाने घटते.

आपल्या स्नायूंत संथ आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू दीर्घकाळ काम करतात. जलद तंतू झटका देतात, पण लवकर थकतात. वय वाढते तसे मुख्यतः जलद तंतू बारीक होतात. म्हणून चालणे टिकते, पण चढणे जड जाते. ठेच लागल्यावर तोल सावरण्यासाठी पाय क्षणार्धात पुढे पडावा लागतो. तो पडला नाही, तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. मग अंथरूण धरावे लागते आणि वापराअभावी स्नायू आणखी क्षीण होतात.

हा सारा दोष वयाचाच काय? अंतराळवीर तरुण व धडधाकट असतात. तरीही पायांवर शरीराचा भार नसल्याने त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ टक्का कमी होऊ शकते. याउलट, १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना वजने उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो आठ आठवडे पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! म्हणजे स्नायू नव्वदीतही शिकवणी ऐकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला. जोडीला आहारात डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिने हवीत. ‘आता बसा, आराम करा’ असे आजोबांना सांगण्यापूर्वी याचा विचार करा.

करून पाहा : खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजा. घरातील मोठ्यांचीही नोंद घ्या. मात्र त्यांच्या शेजारी उभे राहा. चक्कर, हृदयविकार किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. दोन महिन्यांच्या व्यायामानंतर पुन्हा मोजा.

उदाहरण : ६० किलोग्रॅमची व्यक्ती ३० सेकंदांत १५ वेळा उठली. प्रत्येक वेळी गुरुत्वमध्य ०.३ मीटर वर गेला असे धरल्यास, उठण्यासाठी लागलेली सरासरी शक्ती किती? (उत्तर : ८८.२ वॅट)