अल्बम जुना, दौरा नवा

प्रश्न : माझा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. २०२५च्या नोव्हेंबरात तो मित्रांबरोबर मुंबईला ट्रॅव्हिस स्कॉट नावाच्या अमेरिकी रॅपरच्या कार्यक्रमाला जाऊन आला. आल्यावर दोन दिवस घसा बसला होता आणि पाय सुजले होते. मी विचारलं, या गृहस्थांनी नवीन काय काढलंय? म्हणाला, अल्बम २०२३चा आहे, पण दौरा त्याचाच चालू आहे. तो अल्बम याच्या फोनवर बारा महिने वाजतो, जवळपास फुकट. मग तीच गाणी ऐकायला एवढे पैसे मोडून उभ्याने ताटकळायचं कशाला? एकटा माणूस माइक घेऊन उड्या मारणार, त्यासाठी दोन-दोन वर्षं जगभर कसली यात्रा? यात पैसा नेमका कोण कमावतो?
— एक आजोबा, कराड

उत्तर : आजोबा, अल्बम जवळपास फुकट वाजतो असं तुम्ही सहज लिहून गेलात. सगळी यात्रा त्याच्याचमुळे निघते.

पूर्वी गणित उलटं होतं. ‘बीटल्स’नी २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोत तिकीट लावून शेवटची मैफल केली आणि दौऱ्यांना रामराम ठोकला. त्यांना ते परवडलं, कारण तबकड्या खपत होत्या. दौरा म्हणजे तबकडीची जाहिरात. तो थोडा तोट्यात गेला तरी चालायचं. आता एखादं गाणं फोनवर एकदा वाजलं की त्यामागे अर्धा सेंटसुद्धा मिळत नाही. त्यातही रेकॉर्ड कंपनी, गीतकार आणि संगीत रचणारे वाटेकरी असतात. तुमच्या नातवाचा तो अल्बम म्हणजे ‘युटोपिया’. २८ जुलै २०२३ला आलेल्या या अल्बमात १९ गाणी आहेत आणि बियॉन्से, ड्रेक, द वीकेंड, बॅड बनी अशी मोठमोठी पाहुणेमंडळी आहेत. पाहुणे म्हटले की मानपान आलाच.

पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ‘युटोपिया’चे ४,९६,००० अल्बम गेल्याची नोंद झाली. म्हणजे तेवढी माणसं दुकानात जाऊन अल्बम घेऊन आली असं समजू नका. त्या वेळच्या हिशेबात पैसे भरून ऐकण्याच्या सेवेवर गाणी १,२५० वेळा वाजली की एक अल्बम विकला गेला असं धरत. तुमचा नातू आणि त्याचे वसतिगृहातले मित्र मिळून एखाद्या परीक्षेच्या काळात असे दोन-चार अल्बम सहज ‘विकत’ घेत असतील.

आता दौऱ्याकडे पाहा. ‘सर्कस मॅक्सिमस’ हे त्याचं नाव. ११ ऑक्टोबर २०२३ला उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहरात तो सुरू झाला. २०२४च्या अखेरीपर्यंत उत्तर अमेरिका, युरोप, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड करून झालं, तेव्हा ‘बिलबोर्ड’ या संगीत नियतकालिकाच्या मोजणीत तिकीटविक्री २० कोटी डॉलरच्या वर गेली होती. एकट्या रॅपरच्या दौऱ्याने तोवर एवढी विक्री कधीच केली नव्हती. त्यानंतर २०२५मध्ये रॅपर केंड्रिक लामार आणि गायिका सिझा यांच्या जोडदौऱ्याने याहून मोठा गल्ला जमवला.

हा पैसा कोणाला, हा तुमचा शेवटचा प्रश्न, पण मला तो पहिला वाटतो. आपल्याकडे गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. सुपारी ठरली की गर्दी होवो न होवो, फडाला ठरलेली रक्कम द्यायची. तोच फड तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावतो तेव्हा नफाही त्याचा आणि तोटाही त्याचाच. मोठ्या कलाकाराच्या जागतिक दौऱ्यात या दोन्ही रीती एकाच करारात बसवतात. कलाकाराला अमुक रक्कम नक्की मिळणार, किंवा खर्च वजा जाता उरलेल्यातले ८५ ते ९० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. पडलं तर सुपारी, चाललं तर तंबू. आयोजकाच्या हाती उरतात दहा-पंधरा टक्के, आणि धोका मात्र सगळा त्याच्या डोक्यावर.

मग आयोजक हा धंदा करतो कशाला? तिकिटावरचं सेवाशुल्क, गाड्या लावण्याचे पैसे, खाणंपिणं आणि प्रायोजक यांच्यासाठी. या दौऱ्यामागची ‘लाइव्ह नेशन’ ही जगातली सर्वांत मोठी आयोजक कंपनी. २०१०मध्ये तिचं ‘टिकेटमास्टर’ या तिकीट विकणाऱ्या कंपनीशी विलीनीकरण झालं. म्हणजे कार्यक्रम ठरवणारा तोच आणि तिकीट फाडणाराही तोच. मक्तेदारीचा आरोप ठेवून अमेरिकी न्याय खात्याने मे २०२४मध्ये तिच्यावर खटला भरला. भारतातले कार्यक्रम ‘बुकमायशो’ने केले, आणि तिकीटखिडकीही तीच, हे तुमचा नातू सांगेल. याशिवाय टी-शर्ट आणि हुडी असतातच. नातू एखादा काळा टी-शर्ट घेऊन आला असेल. त्याची किंमत विचारू नका. दोघांनाही त्रास होईल.

दौऱ्याच्या नावामागे एक फसलेला बेत आहे. ‘युटोपिया’चं प्रकाशन गिझाच्या पिरॅमिडपाशी करायचं घाटत होतं. अल्बम यायला दहा दिवस असताना इजिप्तमधल्या संगीतकारांच्या संघटनेने परवानगी काढून घेतली. हे आमच्या परंपरेत बसत नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी आयोजकांनी कार्यक्रम रद्द केला आणि कारण दिलं निर्मितीतल्या अडचणींचं. मग ७ ऑगस्टला मैफल झाली ती रोममधल्या सर्कस मॅक्सिमसवर. चार-चार घोडे जुंपलेले रथ प्राचीन रोमन जिथे पळवायचे, ते हे मैदान. साठ हजारांच्या आसपास लोक आले आणि एका तालावर उड्या मारू लागले. तेव्हा भूकंप झाला की काय म्हणून रोमकरांनी अग्निशमन दलाला फोन केले. गर्दीत कोणी तरी मिरपूड फवारली, त्याचा साठेक जणांना त्रास झाला. कलोसियम परिसराच्या पुरातत्त्व विभागाच्या प्रमुख अल्फोन्सिना रुसो यांनी दुसऱ्या दिवशी सुनावलं, की ही जागा स्मारक आहे, स्टेडियम नव्हे. इथे ऑपेरा आणि बॅले व्हावेत. त्यांचं दुखणं समजतं. पण ज्या जागी शतकानुशतकं लाखभर लोक रथांच्या शर्यतीवर गळा फाडून ओरडले, तिथे एकदम बॅलेची शांतता आठवावी, याची मला गंमत वाटते.

आणि रोमच्या त्या रथमैदानाचं नाव घेऊन निघालेला दौरा मुंबईत उतरला तो महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, १८८३पासून घोडे पळत आलेल्या मैदानात! हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवला नसणार. मुंबईत एवढी मोकळी जमीन उरलीय तरी कुठे? २०२३पासून ‘लोलापालूझा’ हा संगीत महोत्सवही तिथेच भरतो.

नवा अल्बम हे अशा दौऱ्याचं निमित्त असतं, सोबत नव्हे. मुंबईचा कार्यक्रम १९ नोव्हेंबर २०२५चा, म्हणजे ‘युटोपिया’ येऊन सव्वादोन वर्षं उलटून गेलेली. मधल्या जुलैत त्याच्या कंपूचा ‘जॅकबॉइज २’ हा आणखी एक अल्बम येऊनही गेला. तरी दौऱ्याचं नाव तेच राहिलं, कारण जोहान्सबर्ग, दिल्ली, सोल, टोकियो इथल्या लोकांनी हा खेळ अजून पाहिलाच नव्हता. गाणं एका रात्रीत जगभर पोचतं, लोखंडाला वेळ लागतो. या दौऱ्याचा रंगमंच उंचसखल खडकाळ डोंगरासारखा, प्रेक्षकांच्या मधोमध पसरलेला. सोबत पडदे, ज्वाळा सोडणारी यंत्रं, ध्वनी आणि प्रकाशयोजना. असं सगळं समुद्रमार्गे पाठवायचं तर महिना-दीड महिना जातो, विमानाने पाठवायचं तर खर्च आभाळाला भिडतो. म्हणून मोठे दौरे रंगमंचाच्या सांगाड्याचे दोन-तीन संच ठेवतात. एका शहरात खेळ रंगलेला असतो तेव्हा पुढच्या शहरात दुसरा सांगाडा उभा राहत असतो. स्पीकर आणि खांब बऱ्याचदा तिथलेच भाड्याने घेतात. कलाकाराबरोबर फिरतं ते फक्त त्याच्या खेळाचं खास सामान. त्या सामानालाही एक पासपोर्ट लागतो. त्याला एटीए कार्ने म्हणतात. माल विकायला आणलेला नाही, परत जाणार आहे, अशी हमी त्यात असते, म्हणून सीमाशुल्क भरावं लागत नाही. भारतात हा कागद ‘फिक्की’ ही संस्था देते.

वेळापत्रक कसं आखतात हेही या दौऱ्यात दिसतं. ११ ऑक्टोबरला जोहान्सबर्ग, १८ आणि १९ला दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, २५ला सोलजवळचं गोयांग, ८ नोव्हेंबरला जपान. सगळे शनिवार, आणि दिल्लीचा एक जोडरविवार. दिल्लीतला पहिला दिवस तर धनत्रयोदशीचा होता. भारताला आधी दिल्लीच मिळाली होती. तिथे तिकिटं हातोहात गेली, एक दिवस वाढवावा लागला आणि मागाहून मुंबई जोडली गेली. म्हणून मुंबईच्या वाट्याला आला बुधवार. नातवाने कॉलेजला काय कारण सांगितलं, ते मी विचारत नाही.

राहिला उड्या मारणारा एकटा माणूस. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. रॅपच्या मोठ्या मैफलीत वाद्यवृंद नसला तरी चालतं. चेस बी नावाचा त्याचा डीजे मागून ध्वनिमुद्रित ताल आणि बऱ्याचदा आवाजाचा थरही सोडतो. स्कॉटच्या माइकवर सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून थेट चालू असतं. ते लपवायची त्याला गरज वाटत नाही, कारण तोच त्याचा आवाज आहे. मैफलीत श्वास कुठे घेतला, जागा कशी घेतली हे ऐकणारे तुम्ही-आम्ही तिथे गेलो तर हात हलवत परत येऊ. तिथे ऐकण्याची वस्तू समोर नसतेच. ती आपल्या चारी बाजूंना असते. प्लेबॉय कार्टीबरोबरचं ‘फीन’ नावाचं त्याचं गाणं तो एकाच रात्रीत पुन्हापुन्हा वाजवतो आणि प्रत्येक वेळी गर्दी आधीपेक्षा जोराने उसळते. फोनवर हे गाणं ऐकता येतं, पण हजारो गळ्यांनी एकदम ओरडलेलं ते अंगावर घेता येत नाही. नातवाने पैसे मोजले ते त्यासाठी. मला हा सौदा मूर्खपणाचा वाटत नाही. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यालाही अभंग घरी पाठ असतातच.

पण याच उसळीची एक काळी बाजू आहे, आणि ती नातवाला माहीत असायला हवी. ५ नोव्हेंबर २०२१ला स्कॉटच्या ह्यूस्टन या गावात, त्याच्याच ‘अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सवात, पन्नास हजारांच्या गर्दीत चेंगरून दहा जण मेले. सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा होता. यंत्रणेने मोठी दुर्घटना घोषित केल्यावरही गाणं अर्ध्या तासाच्या आसपास चालूच राहिलं. जून २०२३मध्ये ग्रँड ज्युरीने स्कॉटसह कोणावरही फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला. मृतांच्या कुटुंबांचे दिवाणी दावे पुढे तडजोडीने मिटले. कायद्याने प्रकरण संपलं. पण गर्दीला भडकवणं हाच ज्याच्या कलेचा भाग आहे, त्याने समोरची गर्दी कशी आहे हेही पाहिलं पाहिजे, यावर माझं मत बदललेलं नाही. अशा दुर्घटनेत लोक पायाखाली तुडवले जाऊनच मरतात असंही नाही; बरेच जण उभ्या-उभ्या गुदमरतात, छाती फुलायला जागाच उरत नाही म्हणून. चौरस मीटरमध्ये चार-पाचाहून जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांवर उभा नसतो, गर्दी नेईल तिकडे जातो. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २०१७मध्ये चेंगरून २३ जण गेले तेव्हा तिथे कोणतंही संगीत वाजत नव्हतं.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलने एक ओळ होती : ‘पुढच्या वेळी पाठवू का?’ पाठवा. फक्त त्याला सांगा, रंगमंचापुढच्या कठड्याला चिकटून उभा राहू नकोस; मागून रेटा आला की सगळ्यांत आधी तिथलाच माणूस अडकतो. कडेला राहा आणि बाहेरची वाट आल्याबरोबर बघून ठेव. दाटी वाढली तर हात छातीसमोर दुमडून घे, म्हणजे श्वासापुरती जागा राहील. रेट्याच्या उलट जोर लावू नकोस. तो ओसरला की तिरक्या चालीने कडेकडे सरक. शेजारी कोणी पडलं तर आधी त्याला उठव. आणि पाणी पिऊन जा. बसलेला घसा आठवड्यात सुटतो.