तान्हं बाळ रात्री का उठतं आणि त्याला कसं निजवायचं



गेल्या महिन्यात कोसाडच्या महिला सभासदांची बैठक होती. विषय होता मच्छीच्या हिशोबाचा, पण अर्धा वेळ भलत्याच गोष्टीत गेला. एक तरुण सून दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसल्या बसल्या पेंगत होती. कुणीतरी विचारलं, "काय गं, झोप होत नाही का?" तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाळ रात्री पाच वेळा उठतं, नवरा पहाटे चारला मच्छी आणायला निघतो, सासूबाईंची कारखान्यात रात्रपाळी. मग ती हळूच म्हणाली, "शेजारच्या मावशी म्हणाल्या, मेडिकलमधून सर्दीचे थेंब आण. दोन थेंब दे, सकाळपर्यंत हूं की चूं करणार नाही."

सगळ्या हसतील असं वाटलं होतं. पण दोघीजणी म्हणाल्या, आम्हीपण दिले होते. म्हणून हा धडा लिहायला घेतला. जरा लांब आहे, पण घरात तान्हं बाळ असेल किंवा येणार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या थेंबांचंच बघू. सर्दीच्या थेंबांत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन नावाचं औषध असतं. त्याने मोठ्या माणसालाही गुंगी येते. चार-पाच किलोच्या बाळाला गुंगी किती आणि श्वास मंदावणं किती, यात फार थोडं अंतर असतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी कफ सिरपने लहान मुलं दगावली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत. खऱ्या सर्दीलाही नको म्हणतात, आणि आपण ती झोपेसाठी देतोय.

ही सवय आजची नाही. जुन्या मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका कामावर निघताना बाळाला अफूची गोळी चाटवायच्या. तिला बाळागोळी म्हणायचे. १९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. या बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्या आया काही निर्दयी नव्हत्या. दहा-दहा तास गिरणीत उभं राहायचं, मागे बाळाला बघायला कोणी नाही, मग करणार काय? पण अफूने बाळाची भूक मरायची, पोट धरायचं, श्वास हळू व्हायचा. बाळ दूध ओढत नाही म्हणून आईचं दूधही आटायचं. बाळ शांत दिसायचं आणि वाळत जायचं. आज अफू गेली, पण तिच्या जागी थेंब आले. काही घरांत गुटी उगाळताना जायफळाचे वेढे जास्त दिले जातात, तेही त्याच कामासाठी. जायफळ जास्त झालं तर तेसुद्धा गुंगीचं विषच आहे. आणि गुटीत मध घालू नका. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बाळाला बोटुलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो.

आता मूळ प्रश्न. बाळ उठतं का?

पहिले काही महिने ते उठायलाच हवं. त्याचं पोट लहान, आईचं दूध दोन-तीन तासांत पचतं, भूक लागते. रात्री पाजलं की आईचं दूधही टिकून राहतं, कारण दूध बनवणारा प्रोलॅक्टिन हा हार्मोन रात्री जास्त असतो. म्हणजे रात्रीचं उठणं हा बाळाचा हट्ट नाही आणि तुमच्या दुधाचा कमीपणाही नाही. "दूध पुरत नाही म्हणून उठतो, वरचं दूध सुरू कर" असं सांगणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत असतात. बाळ दिवसातून सहा वेळा तरी लंगोट ओले करत असेल आणि वजन वाढत असेल तर त्यांचं ऐकू नका.

पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवस-रात्र मिळून १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्याने. आपल्याला भरती-ओहोटी कळते, तसंच समजा. बाळाची झोप साधारण ५० मिनिटांनी वर येते आणि पुन्हा खोल जाते. वर आली की ते कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, कधी डोळेही अर्धे उघडतं. आई घाईने उचलते आणि तिथेच चुकतं. ते जागं झालेलंच नसतं! उचलल्यामुळे जागं होतं. म्हणून आवाज आला की मनात साठपर्यंत मोजा. कितीतरी वेळा ते आपोआप पुन्हा खोल जातं. खरं रडू लागलं तर अर्थातच घ्या, तान्ह्याला रडत ठेवायचं नाही.

दिवस कुठला आणि रात्र कुठली हे बाळाला जन्मतः कळत नाही. झोप आणणारा मेलाटोनिन त्याच्या अंगात नीट तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर आपण शिकवायचं. सकाळी उजेडात न्या, कोवळ्या उन्हात खिडकीशी बसा. दिवसा झोपलं तरी घर चिडीचूप करू नका, भांडी वाजू द्या, बोलणं चालू द्या. रात्री मात्र उलट. कोसाड आवासच्या एका खोलीत टीव्ही, मोबाइल, स्वयंपाक सगळं एकत्र चालतं, हे माहीत आहे. तरी बाळाच्या कोपऱ्याला दोरीवर जुनी चादर बांधून आडोसा करता येतो. रात्री पाजताना झिरोचा बल्ब पुरे. बोलायचं नाही, खेळवायचं नाही, शी केली नसेल तर लंगोट बदलायचा घाटही नको. मोबाइल बघत पाजणं बंद करा, त्याचा उजेड बाळाच्या तोंडावर पडतो आणि तुमचीही झोप उडते.

संध्याकाळचा क्रम रोज एकच ठेवा. हलकी मालिश, कोमट पाण्याची आंघोळ किंवा नुसतं पुसून घेणं, स्वच्छ दुपटं, दूध, ढेकर आणि अंगाई. वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी चालेल, क्रम बदलू नका. आणि अंगाई रोज तीच. सूर लागला नाही तरी बाळ तक्रार करत नाही. दादांनी नुसतं गुणगुणलं तरी चालतं, उलट बापाचा जाड आवाज छातीशी धरल्यावर बाळाला अंगातून जाणवतो. बाळ पेंगुळलं, डोळे जड झाले, पण पूर्ण झोपलं नाही, अशा वेळी खाली ठेवून पोटावर हात ठेवायचा. रोज जमणार नाही. दहातून तीनदा जमलं तरी बाळ हळूहळू शिकतं की मांडीशिवायही झोप येते.

आता झोळी. आपल्याकडे साडीची झोळी, इथे गुजराती शेजाऱ्यांकडे लोखंडी घोडियुं. झोक्याने बाळ शांत होतं यात शंकाच नाही, आणि झोळी वाईट असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यात बाळाची पाठ वाकते, मान पुढे झुकते आणि हनुवटी छातीला टेकते. छोट्या बाळाचा श्वास तिथेच अडू शकतो, तेही आवाज न होता. तेव्हा झोळीत निजवा, पण झोप लागली की उचलून सपाट अंथरुणावर ठेवा. रात्रभर झोळीत नको. ओढायची दोरी बाळाच्या हाताला किंवा गळ्याशी पोचणार नाही हे बघा, आणि मोठ्या भावंडाला जोरात झोके देऊ देऊ नका. गाठ आणि हूक रोज तपासा. होडीची दोरी रोज तपासणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

अंथरूण कसं असावं? सपाट आणि घट्ट. बाळ पाठीवर. पोटावर घातलं की गॅस सुटतो आणि झोप गाढ लागते, असं जुन्या बायका सांगतात. झोप गाढ लागते हे खरं आहे, आणि धोका तिथेच आहे. श्वास कोंडला तर पाठीवरचं बाळ जितकं चटकन जागं होतं तितकं पोटावरचं होत नाही. १९९१ च्या शेवटी ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना पाठीवरच निजवण्याची मोहीम झाली. नंतरच्या वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे निम्म्यावर आली. औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाजू बदलली. डोकं गोल व्हावं म्हणून आपण राईची उशी ठेवतो. बारशाला कुणीतरी हमखास शिवून आणतं, त्यामुळे नको म्हणायला जीवावर येतं. पण वर्षाच्या आत झोपताना उशी नको, कुठलीच नको. डोकं चपटं होऊ नये म्हणून दिवसा जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पोटावर ठेवा आणि रात्री उशापायथ्याची दिशा अधूनमधून बदला. गोधडी, लोड, मऊ खेळणी अंथरुणात नकोत.

आईच्या कुशीत निजवायचं का? एका खोलीच्या घरात बाळ आईशेजारीच असणार. शेजारी असावं, पण त्याचं अंथरूण वेगळं आणि हाताच्या अंतरावर. एक गोष्ट मात्र कडकपणे सांगतो. रात्रीच्या भरतीला जाळं टाकून थकून आलेला माणूस बाळाच्या शेजारी झोपणार नाही. दारू घेतली असेल तर अजिबात नाही, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यानेही नाही. ही शिस्त घरातल्या बायकांनी लावायची वाट बघू नका, पुरुषांनी स्वतःच दुसरं अंथरूण घालावं. आई सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता झोपली तर तेही धोक्याचं, त्यापेक्षा जमिनीवरच्या अंथरुणावर पाजा.

सुरतेचा उकाडा तुम्हाला माहीतच आहे. बाळाला टोपी, मोजे, दोन दुपटी घालून झोपवलं तर ते उठणारच. मानेच्या मागे हात लावून बघा. घाम असेल तर एक थर काढा. पंखा चालतो, थेट झोत नको. दुपट्यात गुंडाळायचं असेल तर कमरेखाली सैल, आणि बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. डासांसाठी मच्छरदाणीच. बंद खोलीत कॉइल लावू नका, शेगडीची धुरीही नको. बाळाच्या छातीत जाणारा धूर ओव्याचा असो की कॉइलचा, त्रास तोच.

काही बाळं मात्र हे सगळं करूनही रडतात, विशेषतः संध्याकाळी. साधारण सहाव्या आठवड्यात हे रडणं सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्या दिवसांत आई-बापाचा संयम सुटतो, यात लाजण्यासारखं काही नाही. राग डोक्यात गेला की बाळाला पाठीवर सुरक्षित जागी ठेवा, दाराबाहेर जा, पाच मिनिटं थांबा, शेजारणीला हाक मारा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. आणि आईला बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, नकोसं वाटत असेल, तर तिला "सगळ्यांचं असंच असतं" म्हणून गप्प करू नका, दवाखान्यात न्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उठणाऱ्या बाळापेक्षा न उठणाऱ्या बाळाची काळजी जास्त करा. पहिल्या महिन्यात, आणि कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर पुढेही, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा काखेत थर्मामीटर लावून ताप ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेला, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, हिरवी उलटी, झटके, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून स्मीमेर नाहीतर न्यू सिव्हिल गाठा. आधी काही थेंब दिले असतील तर बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा, कोणी रागावलं तरी.

त्या सुनेचं विचाराल, तर थेंबांची बाटली तिने आणली नाही. घरात बोलणं झालं. सासूबाई पाळीवरून आल्या की सकाळी बाळाला उन्हात घेऊन बसतात, तेवढे दोन तास ती झोपते. रात्री साडेआठला टीव्ही बंद होतो. या बैठकीला ती आली तेव्हा बाळ रात्री तीनदा उठत होतं. "एकदा तर चार तास झोपला," ती म्हणाली, "मीच घाबरून उठले, श्वास चालू आहे ना बघायला."