आपल्या वाट्यातले देणे



कोठे महापूर आला, भूकंप झाला, की मनात कालवाकालव होते. मंदिरात, दिंडीत मदतीची थाळी फिरू लागते. ज्याचे बरे चालले आहे तो देऊन मोकळा होतो. परंतु ज्याच्या घरी वाण्याचे खाते फुगलेले, पोराची फी राहिलेली, त्याने काय करावे? द्यावे तर घर उघडे पडते. न द्यावे तर गळ्यातली माळ टोचते. वारीला चालणाऱ्या पुष्कळांचा हा प्रश्न आहे. संतचरित्रांच्या आधाराने त्याचा थोडा विचार करू.

श्रीतुकोबारायांच्या चरित्रातला इंद्रायणीचा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. इ. स. 1630 च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. त्यात महाराजांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी लोकांकडील येण्याची खते डोहात सोडली. कीर्तनात आपण एवढेच ऐकून टाळ वाजवितो. पण त्या कथेतली एक बाब ध्यानात घ्यावी. महाराजांनी सगळी खते बुडविली नाहीत. धाकट्या कान्होबाचा अर्धा वाटा अगोदर त्याच्या हाती दिला, आणि मग आपल्या वाट्याचे तेवढे कागद पाण्यात सोडले. भावाच्या पैशाने त्यांनी औदार्य केले नाही. शिवाय, रोख देण्यास त्यांच्यापाशी उरले होते काय? त्यांनी आपले येणे सोडले, हेच त्यांचे दान.

आता आपल्या घराकडे पाहा. महिन्याला जे घरात येते त्यात किती जणांचा वाटा असतो! म्हाताऱ्या वडिलांचे औषध, लेकरांचे दूध, वाण्याची उधारी, आणि कारभारणीचा वाटा, जो ती बिचारी कधी मागत नाही. वाण्याला थकवून पूरग्रस्तांना पाचशे रुपये दिले, तर ते दान वाण्याचे झाले. पावती मात्र आपल्या नावाची! आणि मालकाने चारचौघांत थाळीत नोट टाकायची अन् घरी माउलीने आपल्या ताटातली भाजी कमी करायची, हे तर फारच वाईट. तिला अगोदर विचारले तर ती बहुधा नाही म्हणणार नाही, उलट चार गोष्टी सुचवील. पण विचारायला हवे. माझा चहा, माझी तंबाखूची पुडी, माझे नवे धोतर, हा माझा वाटा. त्यातून द्यायला कोणाचीही ना नाही. (माळकऱ्याने तंबाखू खावी की काय, हा विषय वेगळा.)

येथे कोणी म्हणेल, अहो, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी काय केलं? बादशहाची कोठारे दुष्काळात लोकांस लुटविली; धान्य त्यांचे नव्हते! खरे आहे. परंतु पंतांनी त्याची शिक्षा आपल्या मानेवर घेतली होती, बायकोपोरांच्या वा शेजाऱ्याच्या नव्हे. आणि कथेचा शेवट आठवा. देव विठू होऊन बेदरला गेला, धान्याची किंमत मोजून भरली, आणि पावती मागून घेतली. देवानेसुद्धा हिशेब उधार ठेवला नाही.

त्या पावतीचा धडा आजही उपयोगी आहे. संकट आले की मोबाइलवर पैसे पाठविण्याची चौकोनी चित्रे फिरू लागतात. त्यांतली कित्येक लबाडांची असतात. कष्टाचा रुपया मुख्यमंत्री सहायता निधीत द्यावा किंवा जिला आपण ओळखतो आणि जी पावती देते अशा संस्थेस द्यावा. पावती मागणे म्हणजे अविश्वास, असे समजू नये.

जुने कपडे मात्र देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या दारी टाकणे याला भूतदया म्हणता येत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी कोल्हापूर-सांगलीकडील गावांत कित्येक दिवस राहिले. ते उतरल्यावर लोकांना हवे होते फावडे, खराटा, फिनेल, गुरांना वैरण आणि चिखल उपसायला हात. हात तर गरिबालाही दोन आहेत. दहा जण चार दिवस जाऊन एका आळीतला चिखल काढतील, तर त्याचे मोल थाळीतल्या नोटेहून कमी नाही. मात्र आपली भाकरी बांधून न्यावी. बुडालेल्या घरात पाहुणा होऊन बसू नये.

आणखी एक. ज्याच्यापाशी एकदम देण्यास काही नाही, त्याने खंत करू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक निजले असता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती अंगावर पडून सुमारे दहा हजार माणसे गेली. पहिल्या आठवड्यात चहूकडून मदत आली. परंतु घरे उभी राहण्यास वर्षे लागली, आणि त्या वर्षांत पोरांना वह्या लागतच होत्या, पेरणीला बी लागतच होते. थाळी फिरायची थांबते तेव्हाही गरज असतेच. म्हणून थोडे, पण दरमहा, हे ओढग्रस्त घराला साधणारे देणे आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळी आयाबाया वसतिगृहातल्या मुलांसाठी मूठमूठ धान्य बाजूला टाकीत. ती रीत आपणांस घेता येईल. मुठीत साधारण 50 ग्रॅम ज्वारी मावते. रोज एक मूठ म्हणजे महिन्याला दीड किलो. वीस घरांची मिळून 30 किलो. एकादशीचेही तसेच. दोघे जण खरोखर निराहार राहिले तर दोन वेळच्या भाकरीचे पाऊण किलो पीठ उरते. 24 एकादश्यांचे 18 किलो झाले. पण 'एकादशी, दुप्पट खाशी' असा साबुदाणा-शेंगदाण्याचा थाट असेल तर उरण्याऐवजी खर्चच वाढायचा! मजुरीवर जाणाऱ्याने मात्र पोट मारून हे करू नये.

राहिला वारीचा पैसा. आषाढीसाठी चार पैसे जमविलेले, आणि तोंडावर कोठे पूर आला, तर वारी मोडावी काय? नाथमहाराजांनी रामेश्वरास चाललेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी ओतली, हा दाखला लोक देतात. दाखला थोर आहे. पण नाथांनी स्वतःची कावड ओतली. बरोबरीच्या यात्रेकरूंस तुम्हीही ओता असे फर्माविले नाही. तेव्हा ज्याने त्याने आपले पाहावे. माझ्या मते दिंडीची भिशी भरावीच, कारण तुमच्या वर्गणीच्या भरवशावर शिधा घेतलेला असतो. कात्री लावायची ती परतीच्या खरेदीला. पेढ्यांचे पुडे, पितळी मूर्ती, नातवंडांची खेळणी यंदा राहू द्यावीत. चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का एवढे घरी नेले तरी पंढरीचा प्रसाद पोहोचतो. आणि उरलेले पैसे चंद्रभागेच्या वाळवंटातच दिंडीच्या विणेकऱ्यापाशी जमा करावेत, म्हणजे गावी जाईपर्यंत ते खिशात विरघळणार नाहीत.