चूल आणि माग : परिसर अभ्यासाचा एक पाठ

मुलाच्या परिसरातून शिक्षण द्यावे, हे तत्त्व आपणा सर्वांस मान्य आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला. तथापि प्रत्यक्ष वर्गात घरचे काम व शाळेचा अभ्यास यांची फारकत अद्यापि दिसते. कुंडलच्या मुलास यंत्र कोठे असते असे विचारल्यास तो शेजारच्या किर्लोस्करवाडीचे नाव घेईल. १९१० साली वसलेल्या त्या गावाचा त्यास अभिमान असणे योग्यच आहे. परंतु आजीचे जाते आणि आजोबांची घोंगडी ज्यावर विणली गेली तो माग, हीही यंत्रेच होत, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

यात एका विशिष्ट मुलाचे नुकसान होते. सुगीनंतर माण, आटपाडी, जत या कोरड्या भागांतील मेंढपाळ कृष्णाकाठच्या रानांत मेंढ्या बसविण्यास येतात. त्यांची मुले शाळेत आली तरी मागे बसतात. त्यांना लोकर, कातरणी, चाती, घोंगडी यांची माहिती असते. मात्र ती कोणी विचारीत नाही. पुढील पाठ इयत्ता चौथी व पाचवीसाठी असून त्यात असे मूल पुढे यावे, हा हेतू आहे.

उद्देश : गरम पाण्याने पदार्थास येणारा चिकटपणा स्वयंपाकात व विणकामात कसा उपयोगी पडतो, हे प्रयोगाने समजणे.

साहित्य : जोंधळ्याचे पीठ, थंड व उकळते पाणी, काटवट, चिंचोक्यांचे पीठ, लोकरीचे धागे, पाटी.

कृती पहिली : पिठाचे दोन सारखे भाग करावेत. एक थंड पाण्यात व दुसरा उकळत्या पाण्यात भिजवावा. उकळते पाणी शिक्षकांनीच ओतावे व पीठ निवल्यावर मुलांनी मळावे. दोन्ही गोळे थापून पाहावेत. पहिला कडेने चिरतो. दुसरा एकसंध राहतो. गव्हाच्या कणकेस ताण देणारे ग्लुटेन जोंधळ्यात नसते. उकळत्या पाण्याने पिठातील पिष्टकण फुगून चिकट होतात व भाकरी थापता येते. घरी आई उकळते पाणी का घेते, हे मुलांनी स्वतः सांगावे.

कृती दुसरी : चिंचोके भाजून, टरफले काढून केलेले पीठ पाण्यात शिजविले की खळ तयार होते. चिंचोक्यातील चिकट द्रव्य पिष्टाहून निराळे आहे, तरी तेही गरम पाण्यात फुगते. घोंगडी विणणारे ही खळ ताण्यास देतात. आदल्या दिवशी एका धाग्यास खळ लावून तो वाळवावा. दुसरा धागा तसाच ठेवावा. दोन्ही पाटीच्या कडेवर वीस वेळा घासावेत. बिनखळीच्या धाग्याचे तंतू अधिक सुटतात. खळीचा धागा बहुधा टिकतो. मागावर फणी व धोटा सारखे घासत असल्याने ताण्यास हे संरक्षण लागते. अशी विणलेली घोंगडी मेंढपाळ पांघरतो, अंथरतो आणि पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घेतो.

गणित : समजा, ताणा १० हात लांब असून त्यात २०० धागे आहेत. एकूण सूत किती? २,००० हात. एक हात ४५ सेंटिमीटर धरल्यास ९०० मीटर. त्याचप्रमाणे प्रत्येक मुलाने एका भाकरीचे पीठ घरी मोजून आणावे व आठवड्यास किती पीठ लागते ते काढावे. ही नोंद मुलग्यांनीही करावी. चूल केवळ मुलींचा विषय नव्हे.

भाषा : ताणा, बाणा, कांडी, धोटा, फणी, खळ, काटवट, उखळ असे शब्द मुलांकडून मिळवून फळ्यावर लिहावेत. एकाच वस्तूस दोन घरांत दोन नावे आढळल्यास दोन्ही लिहावीत. एकास अशुद्ध ठरवू नये.

शिक्षकांस सूचना : खळीविषयी प्रथम आपण बोलू नये. मेंढपाळाच्या मुलास विचारावे. त्यास न सुचल्यास त्याच्या आईवडिलांस अर्ध्या तासासाठी शाळेत बोलवावे व त्यांना पाहुण्यांचा मान द्यावा. हे कुटुंब पंधरा दिवसांनी पुढच्या रानात जाईल. तत्पूर्वी त्या मुलाने फळ्याजवळ उभे राहून एकदा तरी वर्गास काही शिकविले असेल, तर पुढच्या गावी शाळेची घंटा ऐकून त्याची पावले तिकडे वळण्याचा संभव अधिक आहे.