धारकास दिलेले वचन

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६-१५, आमोस ८:४-७, इब्री ६:१३-२०



पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरील चित्रे जमविण्याचा छंद आपल्या पुष्कळ घरांत आहे. ह्याच छंदाची एक शाखा म्हणजे परदेशी नोटा जमविणे. आणि त्यांतही ज्या देशांत महागाई भडकून पैसा मातीमोल झाला, त्या देशांच्या नोटांना संग्राहकांची मोठी पसंती असते. कारण उघड आहे. त्या नोटांवर शून्यांची लांबच लांब रांग असते, आणि त्यांतील पुष्कळशा अल्प किमतीत मिळतात. तरुण संघाच्या सभेत अशी एखादी नोट हातोहात फिरू लागली की सर्वांना हसू येते. तसे ते येणे साहजिक आहे. परंतु ह्या पाठात आमची वाचकांस एक विनंती आहे : हसून झाल्यावर ती नोट एकदा वाचून पाहावी.

१. नोट काय म्हणते?

झिंबाब्वे देशाच्या रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००९ मध्ये एक नोट काढली. तिच्यावर एकावर चौदा शून्ये आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर कोटी गुणिले कोटी इतके ते डॉलर होतात. नोटेच्या दर्शनी बाजूस एकावर एक तोललेल्या मोठ्या खडकांचे चित्र आहे. हे खडक हरारे शहराजवळ एपवर्थ येथे आहेत. एपवर्थ ही मेथडिस्ट मिशनऱ्यांनी वसविलेली वस्ती असून, जॉन वेस्ली ह्यांच्या जन्मगावावरून तिला ते नाव मिळाले आहे. ह्या खडकांच्या चित्राबरोबर नोटेवर एक वाक्यही आहे. मागणी करताच धारकास ही रक्कम देण्याचे वचन आम्ही देतो, अशा अर्थाचे ते वाक्य आहे, आणि खाली गव्हर्नरांची सही आहे.

असेच वचन आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटेवरही असते. म्हणजे नोट हा वस्तुतः वचनाचा कागद आहे. कागदाला व शाईला स्वतःचे मोल फारसे नाही. वचन देणारा विश्वासू आहे, उद्या बाजारात ह्या कागदाला धान्य मिळेल, असा लोकांचा भरवसा असतो म्हणून ती चालते. झिंबाब्वेत २००० सालानंतर शेतीचे उत्पादन कोसळले, सरकारचा खर्च मात्र चालूच राहिला, आणि तो भागविण्यासाठी नोटा छापल्या गेल्या. जुलै २००८ मध्ये तेथील सरकारी आकड्यांनीच महागाईचा वार्षिक दर २३ कोटी टक्क्यांवर गेला होता. २००६, २००८ व २००९ ह्या तीन वेळी मिळून चलनावरील पंचवीस शून्ये पुसण्यात आली. त्या काळात तेथे निघालेल्या काही धनादेशवजा नोटांवर तर मुदत संपण्याची तारीखही छापलेली असे. अमुक दिवसापर्यंतच आमचे वचन खरे, असेच जणू ते वचन देणारे सांगत होते. प्रभू येशूने खडकावर बांधलेल्या घराचा दाखला दिला (मत्तय ७:२४-२७). नोटेवर खडकाचे चित्र छापल्याने चलन खडकावर उभे राहत नाही.

२. परार्धाच्या पलीकडे

असे हे पहिल्यांदाच घडले असे नव्हे. पहिल्या महायुद्धापूर्वी एका अमेरिकन डॉलरला सुमारे ४.२ जर्मन मार्क पडत. युद्धाचा खर्च जर्मनीने करांऐवजी मुख्यतः कर्जे काढून भागविला. पराभवानंतर युद्धदंडाचे ओझे आले. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियमच्या सैन्यांनी रूर हा कोळशाचा प्रदेश व्यापला, तेव्हा तेथील कामगारांनी काम थांबवून प्रतिकार केला. त्यांचा चरितार्थ चालविण्यासाठी सरकारने आणखी नोटा छापल्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क असा भाव झाला. बर्लिनमध्ये पावाच्या एका लादीला सुमारे २०० अब्ज मार्क पडू लागले.

त्या वर्षीच्या नोटा संग्राहकाने नीट पाहाव्यात. पुष्कळ नोटा एकाच बाजूने छापलेल्या आहेत, कारण दुसरी बाजू छापण्यास वेळ नव्हता. डिसेंबर १९२२ ची तारीख असलेली एक हजार मार्कची नोट आहे; तिच्यावर पुढील वर्षी तांबड्या शाईने ‘एक अब्ज मार्क’ असे आडवे छापले गेले. कागद तोच, सही तीच, आकडा मात्र दहा लाख पटीने वाढला. अखेर १५ नोव्हेंबर १९२३ रोजी रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एका रेंटेनमार्कला जुने एक लाख कोटी मार्क असा हिशेब ठरला.

हंगेरीत १९४६ साली ह्याहूनही भयंकर झाले. त्या वर्षीच्या जुलैत तेथील किमती सुमारे दर पंधरा तासांनी दुप्पट होत होत्या. आकडे लिहिता येईनात, म्हणून दहा लाख पेंगोंना ‘मिल-पेंगो’ आणि एक लाख कोटी पेंगोंना ‘बी-पेंगो’ अशी नावे पाडावी लागली. व्यवहारात आलेली सर्वांत मोठी नोट एकावर वीस शून्ये इतक्या पेंगोंची होती. आपल्याकडे जुन्या शाळेत मुले एकं, दहं, शतं करीत परार्धापर्यंत आकडे म्हणत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, आणि तेथे आपली मोजणी संपे. ही नोट परार्धाच्या हजारपट होती. १ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट हे नवे चलन आले आणि पेंगो संपला.

३. कोणाचे गेले?

शून्ये मोजून झाल्यावर विचारावयाचा प्रश्न हा आहे. हे पैसे कोणाचे गेले?

ज्यांच्यापाशी जमिनी, कारखाने व मोठी कर्जे होती, त्या पुष्कळांची कर्जे जर्मनीत रद्दी कागदाने फिटली. गेले ते बचत करणाऱ्यांचे. निवृत्त शिक्षक, ठरावीक वर्षासनावर जगणाऱ्या विधवा, मुलीच्या लग्नासाठी बँकेत शिल्लक टाकणारे आईबाप, सरकारी रोख्यांत ठेवलेल्या निधीवर चालणाऱ्या धर्मादाय संस्था, ह्यांचे गेले. ज्यांनी वचनावर अधिक काळ विश्वास ठेवला, त्यांचे नुकसान अधिक झाले. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात काळ्या घोड्याचा दृष्टांत आहे. तेथे दिवसाच्या मजुरीत एका माणसापुरतेच गहू मिळतात, आणि तेल व द्राक्षारस ह्यांना मात्र धक्का लावू नये अशी वाणी होते (प्रकटीकरण ६:५-६). महागाईत गरिबाची भाकरी जाते आणि श्रीमंताचे ताट टिकते, हे शास्त्राला ठाऊक आहे.

झिंबाब्वेतील शेवटचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. २०१५ साली तेथील रिझर्व्ह बँकेने जुने चलन कायमचे बाद केले. पावणेदोन परार्ध डॉलरपर्यंत शिल्लक असलेल्या प्रत्येक खात्यास सरसकट ५ अमेरिकन डॉलर देण्यात आले. मग त्या खात्यात एखाद्याच्या सबंध नोकरीची पुंजी का असेना! चौदा शून्यांच्या नोटेचे रोख देताना अवघे ४० सेंट ठरले. आज परदेशी संग्राहक तीच एक कोरी नोट त्याहून कितीतरी पटींनी अधिक पैसे देऊन विकत घेतात. जिच्यावर विसंबून घरदार चालावयाचे, त्या नोटेने धारकाला काही दिले नाही. नवलाची वस्तू म्हणून मात्र तिला भाव आला.

प्रभूने पृथ्वीवरील संपत्तीचा नाश करणाऱ्यांत कसर, जंग व चोर ह्यांची नावे घेतली आहेत (मत्तय ६:१९). संग्राहकाच्या वहीतील नोटेला कसर लागलेली नसते, ती कोणी चोरलेलीही नसते. ती कोरी करकरीत असते. तिच्यातील मोल तेवढे निघून गेलेले असते.

४. लहान एफा, मोठा शेकेल

आमोस संदेष्ट्याच्या काळी कागदी नोटा नव्हत्या. तरी त्याने जे पाप उघड केले ते हेच आहे. शोमरोनातील व्यापारी धान्य मोजण्याचा एफा लहान करीत, चांदी तोलण्याचा शेकेल जड करीत आणि तराजूत लबाडी करीत (आमोस ८:५). नाव तेच राही, आतील वस्तू कमी होई. नियमशास्त्राने खरी वजने व खरी मापे ठेवण्याची आज्ञा दिली, आणि तिला मिसर देशातून सोडविणाऱ्या परमेश्वराच्या नावाची जोड दिली (लेवीय १९:३५-३६). खोटे माप हे देवाच्या दृष्टीने दुबळ्याच्या घरी केलेली चोरी आहे. मग ते माप दुकानदाराच्या हाती असो की राज्यकर्त्याच्या.

५. मातीच्या भांड्यातील कागद

आता यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायाकडे वळू. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेस वेढा घातला होता. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणाला, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. जेथे शत्रूची सेना पसरली आहे त्या भागातील शेत कोण घेईल? व्यवहारी मनुष्याच्या मते ते खरेदीपत्र हंगेरीच्या नोटेइतकेच निरुपयोगी होते.

परंतु यिर्मयाने सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. साक्षी घातल्या, सही केली, एक प्रत मोहोरबंद केली व एक उघडी ठेवली. मग ती दोन्ही पत्रे पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास त्याने बारूखास सांगितले. ह्या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे परमेश्वराने सांगितले होते, एवढाच त्याचा आधार होता. यिर्मयाने त्या शेतात पुढे नांगर धरला असे शास्त्र सांगत नाही. लोकांनी त्याला मिसर देशात नेले (यिर्मया ४३). पण लोक बंदिवासातून परत आले, आणि देवाचे वचन पुरे झाले.

येथे दोन कागद आपल्यासमोर आहेत. एकावर शून्यांची रांग व मोठ्या अधिकाऱ्याची सही आहे, आणि तो काही महिन्यांत फुकट गेला. दुसरा वेढा पडलेल्या नगरातील कैद्याचा आहे, तो मातीच्या भांड्यात आहे, आणि तो टिकला. दोहोंतील फरक वचन देणाऱ्यात आहे. इब्री लोकांस पत्र लिहिणारा म्हणतो की देवाने स्वतःचीच शपथ वाहिली, आणि देवाने खोटे बोलणे अशक्य आहे. देवाच्या सर्व वचनांचा होकार ख्रिस्तामध्ये आहे, असे पौल सांगतो (२ करिंथ १:२०). त्या वचनाचा विसार म्हणून त्याने आपल्याला पवित्र आत्मा दिला आहे (इफिस १:१४). जमिनीचा व्यवहार केलेल्या वाचकांना विसार म्हणजे काय हे सांगणे नको.

६. आपल्या मंडळीतील माप

आपल्या देशात अशी भीषण महागाई झालेली नाही, ह्याबद्दल देवाचे आभार मानू. परंतु भाव हळूहळू चढतात, आणि हळू चाललेल्या लबाडीकडे लक्ष जात नाही. एखाद्या मंडळीने विधवा निधीतून एका वृद्ध भगिनीस दरमहा काही रक्कम देण्याचा ठराव वीस वर्षांपूर्वी केला असेल. तोच आकडा आजही वहीत आहे. खजिनदार दर महिन्यास तो प्रामाणिकपणे देतो, सही घेतो, हिशेबतपासनीस बरोबरची खूण करतो. आकडा तोच, पण त्यात येणाऱ्या भाकरी किती उरल्या? चर्चच्या पहारेकऱ्याचा पगार, निवृत्त पाळकांचे वेतन, अनाथ मुलाचे शिष्यवेतन ह्यांचेही असेच होते. आपण नोटा छापीत नाही हे खरे. पण नाव तेच ठेवून माप लहान होऊ दिले, तर आमोसाचा शब्द आपल्यालाही लागू पडतो. म्हणून आमची सूचना अशी की प्रत्येक मंडळीच्या पंचांनी वार्षिक सभेपूर्वी अशा ठरलेल्या रकमांची यादी काढावी व आजच्या बाजारभावाशी ती ताडून पाहावी.

संग्राहक तरुणांना आम्ही छंद सोडण्यास सांगत नाही. यार्देनेतून उचललेले बारा धोंडे यहोशवाने उभे केले, ते मुलांनी अर्थ विचारावा व वडिलांनी सांगावा म्हणून (यहोशवा ४). तुमच्या वहीतील प्रत्येक नोटेखाली एक चिठ्ठी चिकटवा. ती कधी निघाली, तिला त्या दिवशी काय मिळत होते, आणि तिने कोणाची पुंजी बुडविली, एवढे तिच्यावर लिहा. ह्या मेलेल्या नोटा पुन्हा चलनात येतील व धारक कोट्यधीश होईल, अशी आवई उठवून त्या विकणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका, आणि तसे बोलून दुसऱ्यास विकूही नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. यिर्मयाने साक्षी, मोहोर व तराजू ह्यांची एवढी काळजी का घेतली? देवावरील विश्वास व व्यवहारातील चोखपणा ह्यांचा संबंध काय?
२. आपल्या मंडळीत वर्षानुवर्षे न बदललेल्या मदतीच्या रकमा कोणत्या? त्या कोणास मिळतात?
३. आपण दिलेली, पण मोल हरवलेली वचने कोणती आहेत? (मत्तय ५:३७)

प्रार्थना

हे विश्वासू देवा, तुझ्या वचनाची मुदत संपत नाही, म्हणून आम्ही तुझे आभार मानितो. ज्यांची आयुष्याची पुंजी बुडाली त्यांना तू विसरू नकोस. आमच्या हातची मापे खरी ठेव, आणि आमच्या दारी आलेल्या विधवेस आमच्याकडून पुरी भाकर मिळो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.