पदग्रहणानंतरही चालणारा वर्ग

रोटरी असो वा लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. नवे अध्यक्ष, नवे सेक्रेटरी, नवं बोर्ड. रक्तदान, नेत्रतपासणी, वह्यावाटप यांना एवढा अवधी पुरतो. तरुणांना हाताला काम मिळेल असं काही शिकवायचं म्हटलं की तो अपुरा पडतो. तीन महिने शिकण्यात जातात, सहा महिने हात बसायला लागतात, आणि पोरगा स्वतःचं गिऱ्हाईक सांभाळायला लागेपर्यंत आणखी वर्ष उलटतं. तोवर क्लबचे दोन अध्यक्ष बदललेले असतात. असे वर्ग बंद पडतात ते बहुतेक वेळा पैशांअभावी नव्हे, तर पुढच्या बोर्डाला ते आपले वाटत नाहीत म्हणून. पुढची कृती तालुक्याच्या गावातल्या क्लबसाठी आहे. तिथे ऊस, डाळिंब किंवा द्राक्षं आहेत आणि विहिरी-बोअरवर मोटरी चालतात, असं मी धरून चाललो आहे.

एप्रिलमध्ये समिती करा. चालू अध्यक्ष, जुलैत येणारे नियोजित अध्यक्ष आणि त्यानंतरच्या वर्षासाठी निवडलेले, असे तिघं तिच्यात हवेतच. प्रकल्पप्रमुख मात्र या तिघांपैकी नको. तीन वर्षं हेच काम करीन असं म्हणणारा एखादा सभासद शोधा. हार्डवेअरचा व्यापारी किंवा निवृत्त शिक्षक असला तर फारच चांगलं. बोर्डाच्या बैठकीत तीन वर्षांचा ठराव लिहून घ्या आणि वर्गाचा हिशेब क्लबच्या इतर खर्चापासून वेगळा ठेवा.

मे महिन्यात विषय ठरवा, आणि तो क्लबच्या खोलीत बसून ठरवू नका. सभासदांना आवडतो म्हणून कॉम्प्युटरचा वर्ग काढायचा आणि मग गावात नोकरी शोधायची, हा उलटा प्रवास आहे. बाजारपेठेतून फिरा. मोटर वाइंडिंगवाले, गॅरेजवाले, एसी-फ्रिज दुरुस्तीवाले, फॅब्रिकेशनवाले, सगळ्यांकडे जा. दोनच प्रश्न विचारा: कामाला मुलगा मिळाला तर ठेवाल का, आणि पहिल्या दिवशी त्याला काय यायला हवं? मे महिना यासाठी मुद्दाम निवडायचा. पाणी खाली गेलेलं असतं, मोटरी कोरड्या चालतात, व्होल्टेज पडतं, एखादा फेज उडतो आणि वाइंडिंगच्या दुकानापुढे जळालेल्या मोटरींची रांग लागते. पीक सुकतंय म्हणून शेतकरी तिथेच बसून असतो. मागणी किती आहे ते अशा वेळी डोळ्यांनी दिसतं. पीएम-कुसुम आणि २०२४ साली राज्याने सुरू केलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे सौर पंपही वाढले आहेत. त्यांचा कंट्रोलर आणि पॅनेलची जोडणी समजणारा माणूसही दुकानदारांना हवाच असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून आणा. वाइंडिंगवाला बहुधा सांगेल, “मला फार शिकलेला नको. जुनी कॉइल काढताना वेढे मोजून वहीत लिहिणारा द्या.” हाच तुमचा अभ्यासक्रम समजा. पुढचं सगळं मोटर वाइंडिंगचा वर्ग धरून लिहिलं आहे.

जूनमध्ये जोडीदार शोधा. सगळं क्लबनेच शिकवायची गरज नाही, आणि तो हट्ट धरूही नये. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेची चौकशी करा. सगळे तिला आरसेटी म्हणतात. १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळ ट्रस्ट आणि दोन बँकांनी मिळून जी संस्था काढली, तिच्या नमुन्यावर या संस्था उभ्या राहिल्या. प्रशिक्षण मोफत असतं, जेवण-राहण्याची सोय असते, आणि शिकून गेलेल्यांचा दोन वर्षं पाठपुरावा करणं त्यांच्या पद्धतीतच आहे. शाळा लवकर सुटलेली मुलं असतील तर जन शिक्षण संस्थान पाहा. १९६७ साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून सुरू झालेली ही योजना कमी शिकलेल्यांसाठीच आहे. आणि गावातच वर्ग घ्यायचा असेल तर आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा, दुपारनंतर कार्यशाळा मोकळी असते का ते विचारा. प्रमाणपत्र कोण देणार हे वर्ग सुरू होण्याआधी लेखी ठरवा. क्लबच्या लेटरहेडवरचं प्रशस्तिपत्र भिंतीवर छान दिसतं, पण बँकेत कर्ज मागताना त्याचा उपयोग होत नाही.

पैशांबाबत थोडक्यात. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो; वीस मुलांच्या वर्गाला एवढ्या मोठ्या कागदपत्रांत अडकू नका, डिस्ट्रिक्ट ग्रँट आणि सभासदांच्या देणग्या पुरतील. कारखान्यांचा सीएसआर निधी हवा असेल तर क्लबच्या ट्रस्टची १२-ए, ८०-जी आणि सीएसआर-१ ही नोंदणी आधी करून ठेवा.

जुलैत मुलं निवडा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपेक्षा आशाताई, ग्रामसेवक, आयटीआयच्या यादीत नंबर न लागलेल्यांचे पालक यांच्याकडून नावं जास्त खरी येतात. विजेचं काम आहे, तेव्हा वय १८ पूर्ण हवंच. फी घेऊ नका, पण थोडी अनामत घ्या आणि शेवटच्या दिवशी परत करा. अगदी फुकट वर्गाची हजेरी दुसऱ्या महिन्यात गळायला लागते. मुलाखत घरी जाऊन घ्या. घरात शेतीला माणूस कमी पडतं का, ऑक्टोबरनंतर घर ऊसतोडीला निघतं का, हे घरीच कळतं. मुलींना आवर्जून घ्या, आणि त्यांच्यासाठी वर्गाची वेळ शेवटच्या एसटीवरून ठरवा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण गावाकडे जाणारी साडेपाचची गाडी चुकली तर त्या सवलतीचा काय उपयोग? पाचला वर्ग सुटलाच पाहिजे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर वर्ग. सुरुवातीलाच सुरक्षा: सरावाच्या प्रत्येक टेबलाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, अर्थिंग तपासलेलं, पायाखाली रबरी मॅट. प्रत्येकाचं बँक खातं उघडून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा २० रुपयांचा हप्ता क्लबने भरावा. वर्षभराचं दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं.

मग मोटर उघडायची. उघडण्याआधी बाजूचं झाकण आणि बॉडी यांवर पंचने जोडखूण करायची, नाहीतर बसवताना झाकण फिरतं. जळालेली कॉइल ओढून काढण्याआधी वही पुढे घ्यायची: स्लॉट किती, कॉइल कुठल्या स्लॉटपासून कुठल्या स्लॉटपर्यंत जाते, वेढे किती, तारेची जाडी मायक्रोमीटरवर किती, जोडणी स्टार की डेल्टा. हे सगळं लिहून झाल्याशिवाय पक्कड हातात द्यायचीच नाही. वेढे अंदाजाने धरले तर मोटर चालते, पण गरम होते आणि त्याच उन्हाळ्यात पुन्हा जळते, आणि शेतकऱ्याला दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. त्यानंतर स्लॉट साफ करणं, कागद घालणं, कॉइल बसवणं, पट्ट्या ठोकणं, बांधणं, वार्निश आणि सुकवणं. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार लागते, तिथे वार्निश नाही. हा फरक पहिल्याच आठवड्यात दोन्ही तारा हातात देऊन दाखवावा. शेवटी मेगरने इन्सुलेशनची तपासणी. आकडा १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर दुकानाबाहेर जाता कामा नये. मोकळ्या चालत्या मोटरीवर टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचा करंट सारखा आला की काम झालं.

आठवड्यातला एक दिवस हत्यारांविना ठेवा. बिल लिहिणं, यूपीआयने पैसे घेणं, “उद्या नक्की” असं न म्हणता खरी वेळ सांगणं, सुट्या भागांचे दर विचारणं. हे शिकवायला क्लबमधले व्यापारी सर्वांत योग्य. इथेच त्यांचा खरा उपयोग आहे, पैशांपेक्षा जास्त.

दिवाळीनंतर मुलं दुकानांत पाठवा. मे महिन्यात ज्यांनी ‘ठेवू’ म्हटलं त्यांच्याकडेच, सहा महिन्यांसाठी, महिन्याचे पैसे किती ते तिघांच्या सहीने ठरवून: दुकानदार, मुलगा आणि प्रकल्पप्रमुख. सभासदांच्या स्वतःच्या कारखान्यांकडेही पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कामगारांच्या जागी ते ऐच्छिक आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. क्लबच्या व्यासपीठावर तरुणांच्या रोजगाराबद्दल बोलणाऱ्याने आधी स्वतःच्या शेडमध्ये दोन जागा द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्येक मुलामागे एक सभासद नेमा. त्याने पंधरा दिवसांनी दुकानात चक्कर मारायची, फोनवर भागवायचं नाही. पहिल्या दोन महिन्यांतच मुलं काम सोडतात. कारण बहुतेकदा साधं असतं: पगार उशिरा, घरचं आजारपण, मालकाचा एखादा शब्द. वेळेवर कळलं तर दहा मिनिटांत मिटतं. हत्यारांची पेटी प्रमाणपत्राबरोबर देऊ नका, सहा महिने टिकल्यावर द्या: मेगर, टाँग टेस्टर, मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, पाना सेट.

मेअखेर एक फाइल तयार करा आणि पदग्रहणाच्या आधी नव्या अध्यक्षांच्या हातात ठेवा. तिच्यात दुकानदारांची नावं, प्रत्येक मुलगा आज कुठे आहे आणि किती कमावतो, सोडून गेलेल्यांची कारणं, उरलेला पैसा, आयटीआयचं परवानगीपत्र आणि मुलांच्या वेढ्यांच्या वह्यांच्या झेरॉक्स असाव्यात. या वह्या पुढच्या तुकडीचं पाठ्यपुस्तक होतात. दुसऱ्या वर्षी शिकवायला बाहेरचा माणूस शोधू नका. पहिल्या तुकडीतल्या दोघांना मानधन देऊन बोलवा, आणि त्यांच्या दुकानमालकांची परवानगी जूनमध्येच घेऊन ठेवा.