खेळायला हात बरा व्हायची वाट पाहू नका

"डॉक्टर, आधी ह्याचे हात सुधारू देत, मग आणू खेळणी." सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आईबाबा ओपीडीत हे इतक्यांदा म्हणतात, की आता ते तोंड उघडायच्या आतच मला ऐकू येतं. अहो, गणित उलटं आहे. हात खेळता खेळता सुधारतो.

या आजारात वाढत्या मेंदूला झालेली इजा पुढे पसरत नाही. पण न वापरलेला हात आखडत जातो. आणि 'मी काही केलं की काही घडतं' हे ज्याला कधी अनुभवायलाच मिळालं नाही, ते मूल हळूहळू प्रयत्नच सोडून देतं.

चार वर्षांची एक मुलगी यायची. दोन्ही मुठी घट्ट. "हिला काय कळतंय," असं आजी तिच्यादेखत म्हणायच्या. आमच्या थेरपिस्टने सेलवर चालणाऱ्या कुत्र्याला मोठं बटण जोडलं आणि ते तिच्या गालाजवळ ठेवलं. डोकं चुकून लागलं, कुत्रा चालला. थोड्या वेळाने ती आधी कुत्र्याकडे बघून मग मान वळवू लागली. "अगंबाई, कळतंय की हिला!" आजी म्हणाल्या. बाबा मोटर रिवाइंडिंगवाले; ते वाकून वायर कुठून कुठे गेली ते पाहत होते. पुढच्या खेपेला घरीच बटण जोडलेलं खेळण्यातलं माकड घेऊन आले.

यात जादू नाही. खेळण्यातला सेल आणि त्याला टेकणारी धातूची पट्टी यांच्या मधे एक पातळ चकती सरकवायची: दोन्ही बाजूंना तांबं, मधे वीज न जाऊ देणारा थर. दोन्ही बाजूंच्या दोन तारा बटणाला. साध्या चालू-बंद खेळण्याला एवढं पुरतं. अमेरिकेत कोल गॅलोवे यांच्या 'गो बेबी गो' उपक्रमाने तर मुलांच्या बॅटरीवरच्या गाड्यांनाच अशी मोठी बटणं बसवली. लाखाचा रोबोट लागत नाही.

पण व्हिडिओ बघून घरच्या प्लगला काही जोडाल तर खबरदार! फक्त सेल. नाण्यासारखा चपटा सेल असेल तर झाकण स्क्रूने बंदच हवं. तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा. आणखी एक खबरदारी: 'नस मोकळी करणारे' आणि स्टेम सेलची इंजेक्शनं विकणारे यांच्यापायी दागिने मोडू नका. या आजारावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही.

बाळ चार महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, मुठी मिटलेल्याच राहतात, नऊ महिन्यांनी आधाराशिवाय बसत नाही, पाय कात्रीसारखे आवळतात, वर्षाच्या आत एकच हात वापरतं? "आमच्याकडे सगळी उशिराच चालतात" म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही तपासणी होते. येणारे झटके, जमलेली हालचाल पुन्हा जाणं, याला तर एक दिवसही थांबू नका.

घाबरू नका, खेळाची सुरुवात सोपी आहे. मुलाची पाठ टेकलेली, पावलं टेकलेली, बटण जिथे हालचाल सगळ्यात भरवशाची तिथे: कोपर, गुडघा, मान, काहीही. मग ते दाबेपर्यंत मनात दहा आकडे मोजा, हवे तर वीस. आणि कृपा करून बटण तुम्ही दाबू नका.